वन्संचा आवाज

ठीक

पलीकडच्या खोलीत डबा टक वाजला, थांबला, आणि पुन्हा टक वाजला. वहिनीने हातातला चमचा ओट्यावर ठेवला. टकनंतर सरसर यायला हवी होती. रोज सकाळी तशीच यायची: आधी घरघर, मग एक टक, मग लांबलचक सरसर, आणि त्यानंतर वन्संचा आवाज. आज टकनंतर टकच आलं. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पलीकडे वन्संनी बटण बंद करून पुन्हा लावलं. टक. टक. मग उपकार केल्यासारखी सरसर.

"वहिनी. दूध. उतू. घालवायचंच. ठरवलंयस. का."

दूध उतू गेलंच होतं. शेगडीवर चर्र झालेलं वन्संना भिंतीपलीकडून ऐकू गेलं होतं.

वन्सं म्हणजे वहिनीच्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, भावाच्या घरी राहिल्या. तरुणपणी त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, आणि आवाज असा की लोक नंबर कळला तरी पुन्हा विचारायचे. मग गळ्याचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी जीव वाचवला आणि स्वरयंत्र काढून घेतलं. काही महिने पाटी-पेन्सिलीवर गेले. मग भावाने कुठून कुठून चौकशा करून हा डबा आणला. करड्या रंगाचा, पुढे अक्षरांच्या कळा, बाजूला जाळीचा कर्णा. कळा दाबल्या की डबा बोलायचा. बोलायचं कसं हे मात्र त्याचं त्याला ठाऊक नसे. ते होतं एका फ्लॉपीवर, काळ्या, पातळ, बशीएवढ्या चौकोनी पाकिटासारख्या चकतीवर. रोज सकाळी ती आत सरकवायची, डबा ती वाचायचा, तेव्हा कुठे त्याला कंठ फुटायचा. बटण बंद केलं की पुन्हा मुका.

आवाज पुरुषाचा होता, तोही सर्दी झालेल्या. बशीत एकेक बटण टाकावं तसे शब्द पडायचे. दारावर आलेला माणूस "मी आत होते, ऐकू आलं नाही" हे त्या आवाजात ऐकून वन्संच्या मागे कोण उभं आहे ते बघायचा. वन्सं त्याला बघू द्यायच्या.

पण हा कारखान्यातून आलेला आवाज. वन्संनी तो तसा ठेवला नव्हता. डब्याला शब्द शिकवायची सोय होती: एखादं अक्षर लांबवायचं, एखादं गिळायचं, जमलं की फ्लॉपीवर साठवायचं. वर्षानुवर्षं वन्सं दुपारी तेच करत बसायच्या. त्यामुळे इतर शब्द बटणांसारखे पडले तरी "वहिनी" हा शब्द असा ओढून यायचा की पुढचं वाक्य ऐकायच्या आधीच वहिनीच्या कपाळाला आठी पडायची. आणि नेहमीची वाक्यं तर त्यांनी एकेका कळीवर बसवून ठेवली होती. "मला कोणी विचारलंय." "असू दे, मीच करते." "तुझ्या माहेरी असेल." एक कळ, एक टोमणा. वहिनीचा नवरा म्हणायचा, आमच्या ताईचं भांडण छापील आहे.

वहिनीच्या कानाला टक आणि सरसर यातला फरक कळायचा कारण तिची नोकरीच ती होती. गावातल्या मोठ्या वाचनालयाच्या तळघरात तिचं टेबल होतं. जुन्या फ्लॉप्या, टेपा, कॅसेटी तिथे यायच्या: बुडालेल्या कंपन्यांच्या, शाळांच्या, वारलेल्या माणसांच्या कपाटातल्या. पगार काढायचा प्रोग्रॅम, मुलांना बेरीज शिकवायचा, कापडावर नक्षी काढायचा. ज्या यंत्रांवर ते चालायचे ती यंत्रं केव्हाच भंगारात गेली होती. वहिनी ते वाचून, जसंच्या तसं उतरवून, जपून ठेवायची. कोणाला लागेल, कधी लागेल, हे तिला विचारायचं नसे. जुन्या चकतीवरचा मुलामा वाचतावाचताच सुटून येतो, म्हणून दर वाचन शेवटचं समजायचं, हे ती नव्या माणसांना पहिल्या दिवशी सांगायची. आणि चकतीच्या प्रत्येक भागापुढे तीनपैकी एक शेरा मारायची. ठीक. वाचता आलं नाही. नंतर.

वाचता आलं नाही

पुढच्या आठवड्यात सरसर आलीच नाही. वन्सं सकाळभर बटण लावत आणि काढत बसल्या. मग उठून त्यांनी वहिनीला माळ्यावरून पाटी काढायला लावली.

पाटीने घर बदललं. पाटीवर टोमणा मारता येत नाही. पाटी समोर धरावी लागते, आणि ज्याला मारायचा त्याने आपण होऊन मान वळवून ती वाचावी लागते. वन्संचा टोमणा नेहमी पाठीत बसायचा, हात कामात असताना. आता त्या "पंखा" लिहायच्या, वहिनी पंखा लावायची. "चहा" लिहायच्या, चहा व्हायचा. दोघी एकमेकींशी पाहुण्यांसारख्या वागायला लागल्या.

रविवारी वहिनीचा मुलगा आला. तो नोकरीच्या गावी राहायचा. त्याने येतानाच आत्यासाठी नवा फोन आणला होता. लिहिलं की फोन बोलतो, तेही बाईच्या आवाजात, आणि आवाज कसला, साखरेत घोळलेला. जेवताना वन्संनी त्यात पहिलं वाक्य लिहिलं. "भाजी आज पाण्यात पोहतेय," असं फोनमधल्या मुलीने इतक्या गोड आवाजात सांगितलं की जणू हॉटेलात खोली तयार आहे असं कोणी सांगावं. मुलगा खूश झाला. म्हणाला, आत्या, बघ, किती माणसासारखा आहे. वहिनी हसली नाही. वन्संनी फोन उपडा ठेवला, वर नॅपकिन टाकला, आणि पाटी ओढून घेतली.

"ही कोण?" त्यांनी लिहिलं.

मुलाने समजावलं की सवय होईल. वन्सं मान हलवत राहिल्या, नाही म्हणून नव्हे, ऐकते आहे म्हणून. पुढचे दिवस त्यांनी फोन वापरला. दूधवाल्याशी, बँकेत, दवाखान्यात. सगळे त्यांच्याशी छान बोलायला लागले. घरात मात्र त्या फोनमधल्या मुलीला तोंड उघडू देत नसत. वहिनीने एकदा मुद्दाम कपात साखर घातली नाही. वन्सं तो चहा निमूट प्यायल्या.

कप विसळता विसळता वहिनीने सांगितलं, मी बघते फ्लॉपीचं.

पुन्हा

हे दोन वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं. तू जगाच्या फ्लॉप्या वाचतेस, माझी एकदा वाचून ठेव, असं वन्संनी तेव्हा सांगितलं होतं, आणि बऱ्यापैकी सरळ सांगितलं होतं. पण तेव्हा तळघरात एका बंद पडलेल्या कापडगिरणीची खोकी आली होती. वेळ नव्हता.

पुन्हा

वेळ होता. गिरणीची खोकी पावसाळ्याआधीच संपली होती. पण घरचं काम कचेरीत आणणं बरं दिसत नाही. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. समोरच्या टेबलावरच्या बाइंडरने स्वतःच्या मुलीची सगळी पाठ्यपुस्तकं तिथेच शिवली होती, वर साहेबांच्या सासऱ्यांचं आत्मचरित्रही. तरी तिला ते बरं दिसलं नाही.

पुन्हा

त्या वर्षी वहिनीचा नवरा गेला. घरात दोघी उरल्या. तो असताना वन्संचं निम्मं बोलणं त्याच्या वाट्याला जायचं, आता सगळं हिच्याकडे आलं. डबा सकाळी सुरू व्हायचा तो दिवे मालवेपर्यंत. फ्लॉपी थकलीय हे वहिनीला टकवरून तेव्हाच कळलं होतं. कधीतरी ती बंद पडेल, आणि मग थोडे दिवस घरात कोणी बोलणार नाही, असं तिच्या मनात आलं होतं. थोडेच दिवस. मग ती वाचणारच होती.

ठीक.

नंतर

तळघरात तिने दिव्याखाली फ्लॉपी धरली. पाकिटाच्या खिडकीतून चकती हाताने थोडी थोडी फिरवत नेली, आणि एका जागी थांबली. भोक होतं. टाचणीच्या टोकाएवढं, आरपार, आणि कडेला मुलाम्याचा उचललेला काठ. तिने भिंग लावून बघितलं. म्हातारपणाने असं होत नाही. बुरशीने होत नाही. हे कोणीतरी टोचलेलं आहे, आणि त्या घरात टाचण्या एकाच व्यक्तीच्या असतात.

तिने यंत्राचं वाचणारं टोक स्पिरिटने पुसलं, चुकून काही लिहिलं जाऊ नये म्हणून पाकिटाच्या खाचेवर चिकटपट्टी लावली, आणि पहिलं वाचन केलं. प्रोग्रॅमचा भाग चांगला निघाला. ठीक, ठीक, ठीक. भोकाची जागा: वाचता आलं नाही. चकतीच्या शेवटच्या कडांवर मात्र फिकट होतं. कधी यायचं, कधी सुटायचं. तिथे वन्संचे शिकवलेले शब्द असणार, कारण डबा रोज तिथेच लिहायचा आणि तीच जागा सगळ्यात झिजलेली होती. ते सावकाश, दहा वेळा वाचून, तुकडे जुळवून काढता आलं असतं. पण डबा बोलायलाच लागला नाही तर शब्द घेऊन काय करायचं? तिने शेरा मारला: नंतर.

घरी जाऊन तिने आधी विचारलं ते हेच.

"वन्सं, फ्लॉपी टाचण्यांच्या डब्यात ठेवली होतीत का कधी?"

विचारायचं होतं एक, आवाज लागला दुसरा. वन्संनी पेन्सिल उचलली होती, पहिलं अक्षर काढलंही होतं. ते त्यांनी तळहाताने पुसलं आणि पाटी उपडी करून ठेवली. वहिनीने तेच उत्तर धरलं.

मग तिने तळघरातल्या साठ्यातली एक कोरी फ्लॉपी घेतली, वाचलेलं सगळं तिच्यावर उतरवलं आणि घरी डब्यात घातली. घरघर झाली. एक टक झालं. सरसर अशी आली की वन्सं खुर्चीत पुढे सरकल्या. पण डबा दोनदा पिप वाजला आणि गप्प झाला. त्यांनी कळा दाबून बघितल्या. काही नाही. दुसऱ्या कोऱ्या फ्लॉपीवर तेच. घरघर, टक, सरसर, पिप, पिप.

म्हणजे जे काही अडलंय ते भोकात आहे, असं वहिनीने ठरवलं. ती जागा वाचल्याशिवाय इलाज नाही.

पुन्हा, पुन्हा, पुन्हा

जखमेवर आधी जायचं नाही. बाकीचं सगळं गोळा करून घ्यायचं, मगच जखम. हे ती इतरांना सांगायची. कापडगिरणीच्या फ्लॉप्यांच्या बाबतीत तिने हा नियम पाळला होता, शाळेच्या बाबतीत पाळला होता, ज्यांचं तोंडही बघितलं नव्हतं अशा माणसांच्या बाबतीतही पाळला होता.

बाइंडर रोज बघत होता. तो पुस्तकांच्या पाठी चिकटवायचा, त्याच्या अंगाला कायम खळीचा वास यायचा आणि बोलायला त्याला कोणीतरी लागायचं. म्हणाला, ताई, हे कोणाचं एवढं महत्त्वाचं आलंय? ती म्हणाली, नणंदेचं. तो म्हणाला, मग जाऊ द्या की. ती हसली. त्याने सांगितलं की फाटलेल्या पानाचा गेलेला तुकडा आपण कधी शोधत बसत नाही, मागे कोरा कागद लावतो आणि शिवतो. वहिनीने सांगितलं की कोरा लावून बघितला, चालत नाही.

तिने वेग कमी केला. टोक एक केसभर इकडे सरकवलं, एक केसभर तिकडे. एकदा खालून, एकदा वरून. दर वेळी त्याच जागी यंत्र अडखळायचं, आणि दर वेळी तिला वाटायचं की या खेपेस जरा कमी अडखळलं. घरी वन्संना सांगायला काही नव्हतं, म्हणून ती काही सांगत नव्हती. वन्सं विचारत नव्हत्या. पाटीवर "पंखा" यायचं.

मग एका सकाळी यंत्रातून वेगळाच आवाज आला. बारीक, कोरडा, काचेवर वाळू ओढल्यासारखा. तिने हात मारून यंत्र बंद केलं. भोकाच्या उचललेल्या काठावरून मुलाम्याची कपची सुटली होती आणि ती वाचणाऱ्या टोकाला चिकटली होती. टोकावर तपकिरी भुकटी. तिने ते पुसलं, दोनदा पुसलं. चकती पुन्हा घातली आणि आता तिला आठवलं ते वाचायला घेतलं. शेवटच्या कडा. वन्संचे शब्द.

वाचता आलं नाही. वाचता आलं नाही. वाचता आलं नाही.

फ्लॉपी बाहेर काढून तिने दिव्यापुढे धरली. कडेला एक गोल कडं उमटलं होतं, मनगटावर राहिलेल्या बांगडीच्या वळासारखं, आणि त्याच्या आतला मुलामा पार निघून गेला होता. त्या कड्यातून पलीकडचा दिवा दिसत होता. भोकाशी जाता-येताना टोक दर वेळी त्या कडांवर टेकायचं; आदल्या दिवशीच कधीतरी ती कपची टोकावर बसली असणार, आणि त्या टोकाने तिने स्वतःच ती सगळी जागा खरवडून काढली होती.

तिने शेरा लिहिण्यासाठी पेन उचललं. मग खाली ठेवलं.

ठीक

त्याच दुपारी वन्सं तळघरात आल्या. वहिनी डबा घरी विसरली होती, जेवणाचा. एवढ्या वर्षांत त्या कधी तिच्या कचेरीत आल्या नव्हत्या. गळ्याशी रुमाल, काखेत पाटी, हातात पिशवी. जिने उतरून आल्याने धाप लागली होती, ती रुमालाआडून सूं सूं ऐकू येत होती. बाइंडरने उठून खुर्ची दिली. वन्संनी मान झुकवून आभार मानले आणि खुर्ची पुसून बसल्या.

वहिनीने जेवायच्या डब्याला हात लावला नाही. तिने फ्लॉपी पुढे सरकवली आणि एका दमात सगळं सांगितलं. भोक वाचता आलं नाही. त्याच्या मागे लागले. त्यात कडेचे शब्द गेले. कडेचे म्हणजे तुम्ही शिकवलेले. आधी तेच काढायला हवे होते, मी नंतरवर टाकले. कळांवर बसवलेली वाक्यंही त्यातच होती.

वन्संनी पाटी मांडीवर घेतली. "सगळे?"

"सगळे."

त्यांनी पुसलं.  मग दिव्याखाली वाकून फ्लॉपी बघितली, नखाने भोक दाखवलं आणि पेन्सिल चालवायला लागल्या. पाटी भरली तेव्हा वहिनीकडे फिरवली.

"हे त्याने पाडलं. बसवायला आलेल्या माणसाने. माझ्यासमोर. टाचणीने."

वहिनीला आधी कळलंच नाही. वन्संनी पुसून पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं, पुन्हा लिहिलं. बाइंडर खळीचा ब्रश तसाच हातात धरून वाचत होता. कंपनीचा तो मिस्त्री डबा घेऊन घरी आला होता. फ्लॉपी कागदी वेष्टनातून काढली, तिच्या खिडकीवर एक पुठ्ठ्याचा तुकडा ठेवला आणि त्यातून टाचणी टोचली. वन्संचा भाऊ ओरडलाच होता. मिस्त्री म्हणाला, साहेब, असू द्या. डबा सुरू होताना या जागी काहीतरी लिहून बघतो आणि परत वाचून बघतो. वाचता आलं नाही तर आपली फ्लॉपी. वाचता आलं तर कोणीतरी चोरून उतरवलेली. मग तो बोलतच नाही.

वहिनी खुर्चीत मागे टेकली. तिच्या दोन्ही कोऱ्या फ्लॉप्या डब्याने तपासल्या होत्या, त्या जागी लिहिलं होतं, वाचलं होतं, एक अक्षरही चुकलं नव्हतं. म्हणून पिप, पिप.

"वन्सं, अहो मग सांगायचं ना."

वन्संनी पाटी मांडीवर उपडी केली. आणि तिच्याकडे बघितलं. वहिनीला टाचण्यांचा डबा आठवला आणि उपडी ठेवलेली पाटी आठवली. ती म्हणाली की हो, बरोबर आहे, मी तसं विचारायला नको होतं. हे तिने पुटपुटत नव्हे तर नीट, ऐकू जाईल असं म्हटलं. बाइंडर ब्रश धुवायला बाहेर गेला. नळ तळघरातच होता, तरी गेला.

भोक नेमकं कुठे हे वहिनीपेक्षा जास्त कोणालाच ठाऊक नव्हतं. तिने मोजून पुठ्ठ्याला छेद दिला, तो कोऱ्या फ्लॉपीच्या खिडकीवर बसवला. चकती फिरवून ती नेमकी जागा छेदाखाली आणली. बाइंडरच्या टेबलावरून टाचणी घेतली. आणि तिचा हात तिथेच राहिला. नोकरीत आल्यापासून तिने चकतीला बोट लागू दिलं नव्हतं. हातमोजे घालून धरायची, फुंकर मारायची नाही, शिंक आली तर तोंड फिरवून दोन पावलं मागे जायची.

वन्संनी पाटी तिच्या डोळ्यांसमोर धरली. "टोच. माझा आवाज आहे, तुझा नाही."

तिने टोचलं. बोटाला बारीकसं टक जाणवलं, आणि टाचणी पलीकडे निघाली. वन्संनी खूण करून सांगितलं की आता फिरवून मागूनही. मिस्त्रीने तसं केलं होतं. तिने तसं केलं.

मग दोघींनी डबा उघडून जेवण केलं. वन्सं घरी आधीच जेवल्या होत्या, पण त्या तिच्याबरोबर पुन्हा थोडं जेवल्या.

ठीक

संध्याकाळी घरघर झाली, टक झालं, सरसर झाली. डबा क्षणभर थांबला, भोकाशी अडखळला, आणि पुढे गेला.

वन्संनी पहिला शब्द दाबला.

"व. हि. नी."

सर्दी तीच होती. पण शब्दात ओढ नव्हती, खोच नव्हती. मतदारयादी वाचून दाखवणाऱ्या माणसासारखा तो म्हणाला. वन्संनी कळांवर बसवलेल्या वाक्यांपैकी एक दाबून बघितलं. डबा गप्प. दुसरं. गप्प. मग त्यांनी एकेक अक्षर लिहून सबंध वाक्य काढलं, आणि डब्याने ते ओळखदेख नसल्यासारखं म्हटलं: "मला. कोणी. विचारलंय."

वहिनी दारात उभी होती. तिने विचारलं, किती दिवस लागतील? वन्संनी खांदे उडवले. मग डब्याकडे वळून टाइप केलं की चहा आण, आणि साखर घालायला विसरू नकोस, मागच्या वेळी मुद्दाम विसरली होतीस. डब्याने हे सगळं एका सुरात सांगितलं. वहिनी चहा करायला गेली.

त्यानंतर दुपारी दुपारी पलीकडच्या खोलीतून शब्द यायला लागले. पहिले दोन दिवस नुसतं "वहिनी". कधी फार लांब, कधी घशात अडकलेलं, कधी गाणं म्हटल्यासारखं. रविवारी तिच्या लक्षात आलं की ती मघापासून कपाळाला आठी घालून बसली आहे, म्हणजे जमलेलं दिसतंय. मग शेजाऱ्यांची नावं, पोराचं लाडाचं नाव, दवाखाना, किल्ली, "असू दे". एखादा शब्द तासभर चालायचा. जमला की सरसरीचा उलटा आवाज यायचा, आतून बाहेर नाही तर बाहेरून आत, म्हणजे फ्लॉपीवर लिहिल्याचा. वहिनी त्या आवाजाची वाट बघायची. तळघरात रोज ती शब्द गेल्यानंतर उरलेलं वाचायची. शब्द लिहिले जाताना ऐकायला तिला इथेच मिळायचे. दर शनिवारी ती फ्लॉपी उतरवून घ्यायची, आणि प्रत्येक उतरवलेल्या प्रतीला टाचणी टोचून ठेवायची. वन्सं फ्लॉपी काढून तिच्या हातात द्यायच्या आणि परत येईपर्यंत फोन जवळ ओढायच्या, पण उघडायच्या नाहीत.

एका दुपारी ती वाळलेले कपडे घड्या घालून ठेवत होती. आतून आलं: "बाब्या."

वन्सं तिच्या नवऱ्याला बाब्या म्हणायच्या. जगात तेवढ्या एकट्याच. जेवायला बोलवायला, नळ दुरुस्त करायला बोलवायला, काही काम नसताना नुसतंच. तो जिथे असेल तिथून "आलो" म्हणायचा आणि यायचा नाही, मग डबा पुन्हा ओरडायचा.

"बाब्या." सपाट होतं. पुन्हा आलं, आता 'बा' लांबला होता. जरा जास्तच. वहिनीने टॉवेलाची एक घडी घातली. पुन्हा आलं. मग थोडा वेळ काही नाही, कळांची टपटप. पुन्हा. आता 'या' वर जात होता, पण हाक मारल्यासारखा नव्हता, विचारल्यासारखा होता. वन्संनी तो खाली आणला. पुन्हा. पुन्हा. दर खेपेला शब्द एक पाऊल जवळ येत होता. वहिनीला वाटलं, आता पुरे. आत जाऊन सांगावं की वन्सं, राहू दे तो. मग वाटलं, अजून 'ब्या' आखूड हवा. आत तो आखूड झाला.

"बाब्या."

हीच ती हाक. हुबेहूब. दुसऱ्यांदा मारायची ती, जरा वैतागलेली.

 वहिनी टॉवेल हातात धरून उभी राहिली.  बऱ्याच वेळाने आत कळ वाजली, आणि फ्लॉपीवर लिहिलं जात असल्याचा आवाज आला. तो नेहमीपेक्षा लांबला नाही. दोन अक्षरांना लागतो तेवढाच लागला.

मग वन्संनी पुढचा शब्द घेतला. पडदा.